अणुपाणबुडी: वजनाचा आणि आवाजाचा हिशेब

गोव्यातल्या दाबोळीवरून अधूनमधून एक करडं विमान उठतं. लांबून बघितलं तर प्रवासी बोइंगच वाटेल, कारण सांगाडा ७३७चाच आहे. बाजूला खिडक्यांची रांग तेवढी नाही. हे पी-८आय. मार्च २०२२ मध्ये नौदलाने या विमानांची दुसरी तुकडी आयएनएस हंसा या दाबोळीच्याच नौदल तळावर उभी केली. यांचं मुख्य काम पाणबुड्या हुडकणं. विमानातून सोनोबॉय टाकतात. ही साधारण तीन फुटी नळकांडी असतात. पाण्यात पडली की एक तुकडा वर तरंगतो, दुसरा तारेवर खाली लोंबकळत कानोसा घेतो आणि ऐकलेलं वर विमानाला कळवतो. समुद्राच्या पोटातली पाणबुडी शक्यतो दिसत नाही, ती ऐकू येते.

अणुपाणबुडी कशी घडते हे समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी, कारण ती बांधणाऱ्यांची निम्मी डोकेफोड हा कान चुकवण्यासाठी असते. उरलेली निम्मी वजनासाठी. भट्टी आणि क्षेपणास्त्रं यांच्याबद्दल बोललं जास्त जातं, पण तीही शेवटी याच दोन हिशेबांत बसवावी लागतात.

आधी शब्दातला घोळ मिटवू. ‘अणुपाणबुडी’ म्हटलं की अणुबॉम्ब डोळ्यांसमोर येतो. पण अणू दोन ठिकाणी असू शकतो, इंजिनात आणि अस्त्रात. सोव्हिएत संघाकडून भाड्याने घेतलेली पहिली आयएनएस चक्र १९८८ ते १९९१ या काळात आपल्याकडे होती. तिचं इंजिन अणुशक्तीचं, पण अण्वस्त्रं नव्हती. दोन्ही असलेली, म्हणजे अणुशक्तीवर चालून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं पोटात वागवणारी बोट, तिला जगभर एसएसबीएन म्हणतात. आपली अरिहंत ही त्या जातीची. (नौदलात पाणबुडीला जहाज म्हणत नाहीत, बोटच म्हणतात.) पहिला वार करायचा नाही असं भारताचं जाहीर धोरण आहे. मग पहिला वार झेलूनही शिल्लक राहील असं काहीतरी हवं, आणि ते समुद्रात लपवणं सगळ्यांत सोपं. सोपं म्हणजे जमिनीच्या मानाने, एवढंच.

माझगाव गोदीत बनलेल्या कलवरी वर्गासारख्या डिझेल पाणबुड्या पाण्याखाली बॅटरीवर चालतात. बॅटरी भरायची तर डिझेल इंजिन चालवायचं, त्याला हवा हवी, म्हणून नळी पाण्याबाहेर काढायची. सावकाश गेलं तर काही दिवस निघतात. जोरात पळालं तर बॅटरी काही तासांतच बसते. अणुभट्टीला हवा लागत नाही. अमेरिकेची नॉटिलस १७ जानेवारी १९५५ रोजी अणुशक्तीवर निघाली आणि नळीची ही कटकट संपली.

भट्टी म्हटल्यावर गोव्यातल्या माणसाला शेजारचं कैगा आठवेल. तिथे २२० मेगावॉटच्या चार भट्ट्या आहेत आणि त्यांतली पहिली २०१८ अखेर सलग ९६२ दिवस चालून विक्रम करून गेली. तशीच एखादी छोटी करून बोटीत का नाही बसवायची? कारण कैगाची भट्टी नैसर्गिक युरेनियमवर चालते. त्यात विखंडन पावणारा, म्हणजे फुटून उष्णता देणारा, युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतो. एवढ्या पातळ इंधनावर विखंडनाची साखळी चालू ठेवायला जड पाणी लागतं आणि भट्टीचा घेरही मोठा लागतो. अकरा मीटर व्यासाच्या बोटीत, तेही शिसं आणि पॉलिथिनच्या आवरणासकट, ते मावणार नाही. म्हणून बोटीसाठी समृद्ध, म्हणजे २३५चं प्रमाण वाढवलेलं, युरेनियम आणि साधं पाणी. अरिहंतच्या भट्टीची उष्णता सुमारे ८३ मेगावॉट सांगितली जाते. भट्टीतून फिरणारं पाणी दीडशेच्या आसपास वातावरणांच्या दाबाखाली ठेवतात, त्यामुळे ३०० अंशांनाही ते उकळत नाही. हे गरम पाणी वाफजनित्रातल्या नळ्यांमधून जातं, नळ्यांबाहेरच्या दुसऱ्या पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन, टर्बाइनने गिअरमधून पंखा. किरणोत्सारी पाणी आणि वाफेचं पाणी एकमेकांना शिवत नाही.

दुसरा फरक चालवण्याच्या पद्धतीत. कैगाची शान एकाच शक्तीवर महिनोन्‌महिने चालण्यात आहे. बोटीच्या भट्टीला मात्र कप्तान म्हणेल तेव्हा मंद आणि म्हणेल तेव्हा तेज व्हावं लागतं. इथे झेनॉन-१३५ आडवा येतो. विखंडनातून तयार होणारा हा वायू न्यूट्रॉन गिळतो. भट्टी पूर्ण शक्तीवरून अचानक बंद केली तर तो वाढत जातो आणि दहा-अकरा तासांनी कळसाला पोहोचतो. इंधनात पुरेशी शिलकी ताकद नसेल तर त्या काळात भट्टी पेटतच नाही. वीजकेंद्रात हे चालून जातं, दुसऱ्या केंद्राची वीज घेता येते. पाण्याखाली शत्रूच्या तावडीत ‘उद्या सकाळी सुरू होईल’ म्हणून भागत नाही. म्हणून इंधन जास्त समृद्ध घेतात, आणि नवीन असताना ते उधळू नये यासाठी त्यात हळूहळू खपणारं न्यूट्रॉनशोषक मिसळतात.

शिवाय बोट डोलते. जमिनीवरच्या भट्टीत साखळी थांबवणाऱ्या नियंत्रक कांड्या नुसत्या सोडल्या की वजनाने खाली पडतात. बोट तिरकी झाली असेल तर वजनावर भरवसा नाही. कांड्या आत ढकलायला स्प्रिंग हवी. पाण्याची पातळी दाखवणारी मापकंही तिरक्या बोटीत खोटं बोलतात. हे सारं कागदावर कळत नाही, म्हणून आधी जमिनीवर बोटीचा मधला भाग जसाच्या तसा बांधायचा आणि त्यात भट्टी चालवून बघायची. नॉटिलसची भट्टी १९५३ मध्ये आयडाहोच्या वाळवंटात अशीच चालवली होती. आपली कल्पाक्कमला बांधली. ती २००३ मध्ये पेटली आणि २००६ मध्ये कार्यरत जाहीर झाली. पुढे बोटीवर जाणारे लोक तिथेच तयार झाले.

आता वजनाचं. आमोण्याला खनिज भरून मांडवीने मुरगावकडे येणारी बार्ज बघा. वर नदीत पाणी गोडसर असतं, तिथे ती जेवढी बुडलेली असते त्यापेक्षा खाऱ्या पाण्यात थोडी वर उठते. बार्जवरच्या खलाशांना हे सांगावं लागत नाही. एक लिटर समुद्राचं पाणी साधारण १०२५ ग्रॅम भरतं, गोडं १००० ग्रॅम; फरक अडीच टक्के. बार्जला हा फरक बुडण्या-उठण्यातून आपोआप भरून काढता येतो. पूर्ण बुडालेल्या पाणबुडीला ती मुभा नाही. तिचं वजन आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन तंतोतंत सारखं हवं. सहा हजार टनांच्या बोटीभोवतालचं पाणी नुसतं एक सहस्रांशाने हलकं झालं तरी ती सहा टनांनी जड ठरते आणि खाली निघते. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी येतं, त्यामुळे तिथलं पाणी अरबी समुद्रापेक्षा कमी खारट. पावसाळ्यात आपल्याकडे नद्यांच्या मुखाबाहेर हलक्या पाण्याची साय पसरते, तीत शिरलं की पुन्हा हिशेब. हा हिशेब छोट्या टाक्यांत पाणी आत-बाहेर करून सतत चालू असतो. त्याला ट्रिम म्हणतात. खर्च झालेलं अन्नसुद्धा त्यात धरावं लागतं.

बुडी मारायच्या मोठ्या टाक्या वेगळ्या. कळशी उपडी करून विहिरीत दाबा: आतली हवा पाणी आत येऊ देत नाही, कळशी वर उसळते. तिच्या बुडाला भोक पाडलं तर हवा फुसकन जाते आणि कळशी बुडते. बॅलास्ट टाकी हेच करते. खाली तोंड उघडं, वर व्हेंट नावाची झडप. झडप उघडली, हवा गेली, पाणी शिरलं, बोट खाली. वर यायचं तर झडप लावून साठवलेली दाबाखालची हवा टाकीत सोडायची, ती पाण्याला खालच्या तोंडाने हुसकावते.

आराखड्याच्या पातळीवर वजन चुकलं तर मात्र टाक्यांनी काही होत नाही. म्हणून शहाणे आराखडे करणारे सुरुवातीला बोटीत शिशाच्या विटा जमेस धरतात. बांधताना प्रत्येक पंप, प्रत्येक केबल वजन करूनच आत जाते. अंदाजापेक्षा जड निघालं तर तेवढं शिसं कमी करायचं. शिसं संपलं की संपलं. स्पेनच्या एस-८० वर्गाच्या डिझेल पाणबुडीचं २०१३ मध्ये तेच झालं. पंचाहत्तर ते शंभर टन वजन जास्त भरलं. बोटीने बुडी मारली असती, वर येण्याची खात्री नव्हती. पाणी जास्त सारायचं तर आकार वाढवायला हवा, म्हणून बोट सुमारे दहा मीटरने लांबवली. त्यात वर्षं गेली. टनाची चूक मीटरने फेडावी लागते, आणि मीटर महाग.

हा आकार पाण्याच्या दाबालाही पुरून उरला पाहिजे. दर दहा मीटर खोलीला एक वातावरण दाब वाढतो. ३०० मीटरवर प्रत्येक चौरस मीटरवर ३०० टन. माणूस जेमतेम मावेल अशा ६५ सेंटिमीटरच्या झाकणावर शंभर टन येतात; खनिजाने भरलेले सहा टिपर त्या झाकणावर रचल्यासारखे. नळकांडं नीट गोल असेल तर दाब सगळीकडून सारखा बसतो आणि पोलाद तो पेलतं. गोलाई बिघडली की चपटा भाग आणखी चपटा होत जातो आणि एका क्षणी सगळं नळकांडं चेमटतं. त्रिज्येच्या अर्ध्या टक्क्याइतका फरक म्हणजे दहा मीटर व्यासाला फक्त पंचवीस मिलिमीटर, तेवढ्यावरच डोळे मोठे होतात. आतून दर थोड्या अंतरावर पोलादी कडी, फ्रेम, बसवलेली असते ती याचसाठी.

वेल्डिंग हा या बांधकामातला सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग. जाड, उच्च ताकदीच्या पोलादाला आधी तापवून घ्यावं लागतं. वेल्डिंगच्या कांड्या भट्टीत वाळवून गरम डब्यातूनच कामावर न्यायच्या. पावसाळ्यात वास्कोत जहाजबांधणीचं काम केलेल्या कोणालाही कारण ठाऊक असेल: कांडीच्या लेपात ओल शिरली की त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत जातो. जोड त्या दिवशी सुरेख दिसतो. तडा एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, आतल्या आत जातो. म्हणून तपासणी वेल्डिंग संपताच न करता मध्ये पुरेसा वेळ जाऊ देऊन करतात, अल्ट्रासॉनिकने आणि एक्स-रेने. अरिहंतच्या हलचे, म्हणजे पोलादी कवचाचे, भाग गुजरातेत हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोने बनवले आणि विशाखापट्टणमला जोडले. जोडणीला तिथेच का? एक उत्तर नकाशात आहे. आपल्या गोव्याच्या किनाऱ्यापासून समुद्र मैलोन्‌मैल उथळ राहतो. विशाखापट्टणमला खोल पाणी किनाऱ्याच्या बरंच जवळ आहे. ११० मीटरच्या आसपास लांबीच्या बोटीला बुडी मारायला फार लांब जावं लागू नये.

आता पुन्हा त्या सोनोबॉयकडे. बोटीचा आवाज येतो कुठून? अणुपाणबुडीला एक जन्मजात खोड आहे: डिझेल पाणबुडी बॅटरीवर असताना बहुतेक यंत्रं बंद ठेवू शकते, पण भट्टी बंद केली तरी तिच्यातली उष्णता काढत राहावी लागते. त्यासाठी पंप फिरत राहतात आणि पंपाचा एकसुरी आवाज मैलोन्‌मैल जातो. यावर उपाय म्हणजे वाफजनित्र भट्टीपेक्षा वर बसवायचं. गरम पाणी आपसूक वर जातं, थंड खाली येतं, आणि कमी वेगात पंपाशिवाय भागतं. अमेरिकेच्या ओहायो वर्गात अशी भट्टी आहे. दुसरा गुन्हेगार गिअर. तिसरा पंखा: तो जोरात फिरला की पात्यांमागे दाब पडून पाण्यात बुडबुडे होतात आणि ते फुटताना तडतडतात. खोल गेलं की भोवतीचा दाब बुडबुडे होऊ देत नाही, म्हणून तोच वेग खोलीवर शांत असतो.

टर्बाइन-गिअरचा सगळा संच एका पोलादी तराफ्यावर बसवतात आणि तराफा रबरी पायांवर हलपासून सुटा ठेवतात. इथली चूक बघण्यासारखी असते. शंभर ठिकाणी रबर लावलं, आणि एका फिटरने एक पाइप सोयीसाठी हलच्या फ्रेमला घट्ट क्लॅम्प केला, की सगळी थरथर त्या पाइपातून थेट समुद्रात. कधी रबरावर रंगाचे थर चढून ते दगडासारखं होतं. कधी तराफ्याखाली विसरलेला नटबोल्ट अडकतो. चाचणीत आवाज जास्त निघाला की माणसं टॉर्च घेऊन असा एकेक स्पर्श शोधत सरपटतात. बाहेरून हलवर रबरी फरशा चिकटवतात. त्या शत्रूच्या सोनारचा, म्हणजे आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्राचा, आवाज शोषतात आणि आतला अडवतात. चिकटवण्याआधी पोलाद नीट साफ नसेल तर त्या समुद्रात गळून पडतात, हे मातब्बर नौदलांच्या बाबतीतही झालं आहे.

समुद्रही लपायला मदत करतो. वरचं पाणी कोमट, खालचं गार. मधल्या थरात तापमान झपाट्याने उतरतं. आवाज गार पाण्याकडे वळतो, त्यामुळे वरच्या जहाजाच्या सोनारला थराखालची बोट बऱ्याचदा सापडत नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत खालचं गार पाणी वर चढतं आणि हा थर उथळ होतो. म्हणून सोनोबॉयचा कान किती खोल सोडायचा हे ऋतू बघून ठरतं.

क्षेपणास्त्रांनी बोटीचा आकार ठरवला. के-४ची उंची सुमारे १२ मीटर, वजन १७ टन, पल्ला ३५०० किलोमीटर. बोटीचा व्यास त्याहून कमी. म्हणून फिनच्या, म्हणजे पाठीवरच्या उभ्या मनोऱ्याच्या, मागे कुबड दिसतं. नळ्या त्यातून वर आल्या आहेत. अरिहंतला अशा चार नळ्या. एका नळीत एक के-४, किंवा ७५० किलोमीटर पल्ल्याची छोटी के-१५ तीन. पल्ल्याचा अर्थ असा: ७५०ला बोटीला शत्रूच्या दाराशी जावं लागतं, ३५००ला ती बंगालच्या उपसागरात राहू शकते.

डागताना इंजिन नळीत पेटवत नाहीत. नळीतला दाब बाहेरच्या पाण्याइतका करतात, झाकण उघडतं, तोंडावरचा पडदा पाणी रोखून धरतो, आणि खालून वायूचा धक्का क्षेपणास्त्राला पडदा फाडून बाहेर फेकतो. रिकाम्या नळीत समुद्र शिरतो. गेलेलं वजन आणि आलेलं पाणी यांच्यातला फरक तिथल्या तिथे ट्रिममध्ये मारावा लागतो, नाहीतर पुढचं क्षेपणास्त्र सोडायच्या खोलीवर बोट टिकत नाही. यातलं सगळं बोटीशिवाय तपासता यावं म्हणून आधी पाण्यात बुडवलेल्या तराफ्यावरून चाचण्या झाल्या, २००८ पासून के-१५च्या, पुढे के-४च्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये के-४ प्रत्यक्ष पाणबुडीतून डागली गेली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दाखल झालेल्या, अरिहंतच्याच जातीच्या अरिघातवरून.

क्षेपणास्त्रातलं द्रव इंधन बोटीत किती धोक्याचं, याचा धडा के-२१९ या सोव्हिएत पाणबुडीने दिला. ३ ऑक्टोबर १९८६ रोजी बर्म्युडाच्या पूर्वेला तिच्या एका नळीत समुद्राचं पाणी झिरपलं, द्रव इंधनातल्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडशी मिळून आम्ल झालं आणि स्फोट झाला. भट्टी आपोआप बंद होईना. सर्गेई प्रेमिनिन या तरुण खलाशाने आत जाऊन कांड्या हाताने फिरवून खाली उतरवल्या. तो बाहेर येऊ शकला नाही.

थ्रेशर या अमेरिकन बोटीचा अपघात त्याहून शिकवणारा. १० एप्रिल १९६३, खोल बुडीची चाचणी, १२९ माणसं. चौकशीतलं सर्वांत संभाव्य कारण असं: झाळून जोडलेला एक पाइप सुटला, पाण्याचा फवारा वीजफलकांवर गेला, भट्टी बंद पडली. पंखा थांबला. मग टाक्यांत हवा सोडली, पण साठवलेल्या हवेत ओल होती. दाबाखालची हवा एकदम मोकळी झाली की गार होते, त्या गारव्याने ओलीचा बर्फ झाला आणि हवेच्या वाटेतल्या जाळ्या तुंबल्या. नंतर धक्क्याला बांधलेल्या तिच्या भगिनी बोटीवर तोच प्रयोग केला, तर जाळ्या तशाच गोठल्या. आधीच्या दुरुस्तीत १४५ जोड तपासले होते. त्यांतले १४ टक्के निकृष्ट निघाले होते, तरी बाकीचे हजारो न तपासता राहिले. त्यानंतर समुद्राच्या दाबाला भिडणाऱ्या प्रत्येक तुकड्यामागे कागद ठेवायचा नियम आला: कुठलं पोलाद, कोणी जोडलं, कोणी तपासलं.

म्हणून अरिहंत २६ जुलै २००९ रोजी पाण्यात उतरली तरी भट्टी पेटली ती १० ऑगस्ट २०१३ ला. मधल्या काळात बाहेरून, किनाऱ्यावरून वाफ आणून टर्बाइन फिरवून बघितली, नळ्या धुतल्या, पाण्याची रसायनं जमवली. यातलं शेवटचं क्षुल्लक वाटतं. पण वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरची एखादी नळी गळून समुद्राचं मीठ वाफेच्या पाण्यात गेलं, तर क्लोराइड वाफजनित्राच्या नळ्यांना ताणाच्या जागी तडे पाडतं. किनाऱ्यावरच्या घरांचे गज फुगून सिमेंट फोडतात, ते काम दहा वर्षांचं. इथे ते फार लवकर होतं आणि जागा किरणोत्सारी पाण्याच्या भिंतीची. डिसेंबर २०१४ मध्ये बोट समुद्रात चाचण्यांना निघाली, २०१६ मध्ये नौदलात आली, आणि पहिली गस्त पुरी झाल्याचं ५ नोव्हेंबर २०१८ रोजी जाहीर झालं.

गस्तीवरची बोट बोलत नाही, फक्त ऐकते. साध्या रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत. तिरुनेलवेलीजवळच्या आयएनएस कट्टबोम्मनवरून अतिशय कमी वारंवारतेवर संदेश जातात; त्या लहरीची लांबी सोळा किलोमीटरहून जास्त, ती दहा-वीस मीटर खोल उतरते. बोट मागे लांब तार सोडून ती पकडते. वेग इतका कमी की छोटे संदेशच परवडतात. प्राणवायू पाण्याच्या विघटनातून येतो, पिण्याचं पाणी समुद्राचं पाणी उकळून, कार्बन डायऑक्साइड रसायनात शोषून बाहेर टाकतात. शीतकपाटातला वायू गळला तर मात्र पंचाईत: हवा शुद्ध करणाऱ्या तापलेल्या यंत्रात त्याचं आम्ल होतं आणि तेच माणसांच्या नाकात जातं. भट्टीचं इंधन वर्षानुवर्षं पुरतं. गस्त संपते ती पिठाची पोती, तांदूळ आणि डबाबंद भाजी संपत आली म्हणून.